वाकड्या चौकटीची नक्षीकरवत

मित्रांनो, माझी वरची दांडी वाकडी आहे आणि आता ती कधी सरळ होणार नाही. मला खुंटीवर टांगलेली पाहून मुले विचारतात, ही अशी का? मग मोठी माणसे विषय बदलतात. म्हणून आज मीच सांगते. ऐकायला गोड नाही, पण घडले तसे सांगते.

मी एक जुनी नक्षीकरवत आहे. झाडे पाडणाऱ्या करवती वेगळ्या. मी पातळ फळीतून फुलापानांची नक्षी कापणारी. पोलादाची एक लांबट चौकट, तिची चौथी बाजू उघडी, आणि त्या उघड्या बाजूला दोन चिमट्यांत ताणून बसवलेले केसाएवढे बारीक पाते. मुठीचा लाकडी दांडा खाली असतो आणि पात्याचे दात त्या मुठीकडे तोंड करून असतात. म्हणून मी ओढताना कापते, ढकलताना नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

माझा जन्म मारातून झाला. लालभडक पट्टी ऐरणीवर धरली, घणाने बडवली, वाकवली आणि तशीच पाण्यात बुडवली. ती किंकाळी माझी पहिली. मग जर्मनीतल्या सॅक्सनीच्या डोंगरात, बोहेमियाच्या सरहद्दीला लागून असलेल्या एका गावात ब्रूनो उलिगच्या हातात मी पडले. ब्रूनो खाणीत काम करी. नक्षीकाम हा त्याचा धंदा नव्हता, छंद होता. रविवारी प्रार्थना आटोपली की स्वयंपाकघरातल्या टेबलाला खाच असलेली फळी जखडायची, त्या खाचेवर लाकूड धरायचे आणि खालून वर, वरून खाली मला चालवायचे. नाताळात खिडकीत ठेवायची लाकडी कमान, हरणे, देवळाचे मनोरे, काय काय आम्ही कापले! एका वर्षी आमची कमान चर्चच्या खिडकीत ठेवली, तेव्हा पाद्रीबुवा म्हणाले, "ब्रूनो, ही हाताने केलीस की कोळ्याकडून विणून घेतलीस?" त्या दिवशी ब्रूनोने माझ्या दांड्याला मेण चोळले.

शेजारचा ओस्वाल्ड तेव्हा दहा वर्षांचा होता. त्याला माझे वेड लागले. पण हात उतावळा. एका दुपारी पाच पाती तोडली, तेव्हा ब्रूनो म्हणाला, "अरे ओस्वाल्ड, लाकूड कापतोयस की डुक्कर?" सगळे हसले आणि ओस्वाल्डही हसला. हळूहळू तो शिकला. काम संपले की ब्रूनो त्याला रोज एकच गोष्ट सांगे, "आता तिला सैल कर. पातं ताणलेलं ठेवलं तर एक दिवस कुणाच्या तरी तोंडावर तुटतं." ओस्वाल्डची ती छोटी बोटे माझा पेच फिरवत, तो स्पर्श मला अजून आठवतो.

आमच्या डोंगरात एक रीत आहे. नाताळच्या चार आठवडे आधीपासून ते दोन फेब्रुवारीच्या मेणबत्त्यांच्या सणापर्यंत प्रत्येक खिडकीत लाकडी पुतळे मांडतात. घरात मुलगा जन्मला की एक खाणकामगार, मुलगी जन्मली की एक देवदूत. प्रत्येकाच्या मुठीत भोक आणि त्या भोकात मेणबत्ती. रस्त्याने जाणारा माणूस खिडकीकडे बघून सांगतो, या घरात किती लेकरे आहेत. लेकरू मेले तरी पुतळा काढत नाहीत. फक्त त्याच्या मुठीतली मेणबत्ती काढतात. रिकामी मूठ दिसली की येणारे जाणारे टोपी काढतात.

ब्रूनोची मुलगी हेर्टा जन्मली तेव्हा मी देवदूत कापला. तीन वर्षांनी आर्नो जन्मला, तेव्हा खाणकामगार. पुढे ओस्वाल्डला आणि त्याच्या बायकोला, मार्थाला, लोटार आणि एगोन असे दोन मुलगे झाले, तेव्हा तो आमच्याच टेबलावर बसून माझ्याकडून दोन खाणकामगार कापून घेऊन गेला. म्हणजे ती चारही लेकरे माझ्या दातांखालून गेली, असे म्हटले तरी चालेल.

मग ती मोठी लढाई आली. विमानांच्या भीतीने खिडकीत उजेड करायला बंदी झाली. तरी पुतळे मांडत आणि न पेटवलेली मेणबत्ती मुठीत खोचत. १९४४ च्या उन्हाळ्यात एकाच महिन्यात ओस्वाल्डकडे दोन पत्रे आली. लोटार लढाईत पडला. एगोन पडला.

त्याच आठवड्यात ओस्वाल्ड आमच्याकडे आला. टेबलापाशी बसला, मला हातात घेतले आणि एका फळीवर काहीही न आखता कापत सुटला. एकामागून एक सात पाती तुटली. आठवे त्याने इतके ताणून बसवले की माझी चौकट कण्हायला लागली. मग त्याने मला भिंतीवर फेकले आणि निघून गेला. मी तशीच ताणलेली कोपऱ्यात पडून राहिले. तीन आठवड्यांनी हेर्टाला सापडले, तेव्हा तिने पेच सैल केला. ओस्वाल्डचा पेच मात्र कुणी सैल केला नाही. त्याने दंडावर सरकारी पट्टी बांधली, खांद्यावर बंदूक घेतली आणि तो गावच्या पहाऱ्याचा नायक झाला. पळून आलेल्या सैनिकांना शोधून फौजी पोलिसांच्या हवाली करायचे, हे त्याचे काम. ते त्यांना रस्त्याकडेच्या झाडाला टांगत आणि गळ्यात पाटी अडकवत.

नोव्हेंबरात आमच्याही घरी पत्र आले. आर्नो पडला. नाताळात त्याची मूठ रिकामी राहिली. ब्रूनोची बायको मिन्ना त्या पुतळ्याकडे बघायचीच नाही.

आणि जानेवारीत एका पहाटे आर्नो स्वतः मागच्या दाराने घरात आला. पत्र खोटे नव्हते, चुकीचे होते. त्याची सगळी तुकडी गारद झाली होती. तो मढ्यांखालून निघाला आणि चालत सुटला. उजव्या पायाची दोन बोटे बर्फाने काळी पडली होती. ब्रूनोने ती दोन बोटे याच टेबलावर सुऱ्याने काढली. आर्नोच्या तोंडात चामड्याचा पट्टा होता, आणि मी वर खुंटीवर होते. त्यानंतर त्याला माळ्यावर गवतात लपवले. खिडकीतली मूठ रिकामीच ठेवली. तीच त्याची ढाल होती.

सत्तावीस जानेवारीला, शनिवारी, मिन्नाने खिडकी पुसायला काढली. पुतळे खाली घेतले, धूळ झटकली, पुन्हा मांडले. वीस वर्षांची हाताची सवय. देवदूताच्या मुठीत एक मेणबत्ती खोचली आणि खाणकामगाराच्या मुठीत एक. तिला कळलेसुद्धा नाही. पोर घरात होते, जेवत होते, मग हाताला कसे कळावे की ते मेलेले आहे!

पाऊण तासाने दार वाजले.

"ग्ल्युक आउफ, ब्रूनोकाका," ओस्वाल्ड दारात उभा होता. खाणीत उतरणाऱ्याने सुखरूप वर यावे म्हणून आम्ही असे म्हणतो.

"ये, ओस्वाल्ड. कॉफी जवाचीच आहे, पण गरम आहे."

"बसायला नाही आलो. मिन्नाकाकू, आर्नोच्या मुठीत मेणबत्ती कशी?"

मिन्नाने खिडकीकडे पाहिले. तिचा रंगच उतरला. "पुसताना... चुकून राहिली रे."

"चुकून?" ओस्वाल्ड हळू आवाजात म्हणाला. "माझ्या मार्थाच्या हातून नाही चुकत ती. सहा महिने झाले पोरं जाऊन, काकू. एकदाही नाही चुकली."

तो माळ्याच्या शिडीकडे वळला. ब्रूनो आडवा आला. ओस्वाल्डने बंदुकीचा दस्ता त्याच्या बरगड्यांत घातला. फांदी मोडावी तसा आवाज झाला. ब्रूनो खाली पडला तरी त्याने ओस्वाल्डचा पाय धरून ठेवला. ओस्वाल्ड मारतच राहिला, पाठीवर, खांद्यावर, डोक्यावर. मिन्ना किंचाळत होती. हेर्टाने चुलीवरची कढई उचलून फेकली, ती भिंतीला लागली आणि उकडलेले बटाटे जमिनीभर पसरले.

"थांबा!" आर्नो शिडीवरून खाली आला. "मी येतो. त्यांना सोडा."

ओस्वाल्डने त्याच्या बोटे काढलेल्या पायावर टाच दिली. आर्नो गुडघ्यांवर आला.

"माझा लोटार तुझ्याच वयाचा होता," ओस्वाल्ड म्हणाला. "एगोन अठराचा. आणि तू गवतात झोपतोस?"

"मी मेलो असतो तर ते परत आले असते का, ओस्वाल्डकाका?"

"नाही. पण निदान तुझी मूठ तरी रिकामी राहिली असती."

त्याने आर्नोला फरफटत नेले आणि तळ्याकाठच्या, आग विझवायच्या बंबाच्या खोपटात कोंडून बाहेरून कुलूप घातले. फौजी पोलिसांची गाडी रविवारी दुपारी बारापर्यंत येणार, असा शहरातून निरोप आला.

रविवारी उजाडले तेव्हा घाटात कमरेएवढे बर्फ होते. गाडी वर यायची तर रस्ता मोकळा करायला हवा. गावात तरणे पुरुष उरले नव्हते. ओस्वाल्ड सगळ्या म्हाताऱ्यांना फावडी घेऊन घाटात घेऊन गेला. खोपटापाशी कुणीच राहिले नाही. हेर्टाने मला खुंटीवरून काढले, कोटाखाली धरले आणि पात्यांची कागदी पुडी मुठीत घेतली. पुडीत अकरा पाती होती.

अंथरुणात पडलेला ब्रूनो म्हणाला, "पातं चिमट्यात थोडं आडवं वळवून बसव. म्हणजे चौकट एकीकडे आणि काप दुसरीकडे जाईल." बोलताना त्याच्या ओठांवर रक्ताचे बुडबुडे येत होते.

खोपटाच्या दाराखाली चार बोटे फट होती. हेर्टा बर्फात पोटावर झोपली. तिने मला त्या फटीतून आडवे सरकवले. एक दांडी बाहेर, एक आत. लाकडी मूठ आत आर्नोच्या हाती. पाते दाराच्या फळीला खालून टेकले.

"ओढ," हेर्टा म्हणाली.

मित्रांनो, मी बोटभर जाडीची फळी कधी कापली नव्हती. पहिली तीन पाती दहा मिनिटांत तुटली. आर्नो हिसके देत होता.

"डुक्कर कापू नकोस रे," हेर्टा दात ओठ खात म्हणाली.

आतून हसल्यासारखा आवाज आला. मग लय सापडली. तो ओढी, ती परत घेई. काप फळीत वर चढला, मग वळू लागला. माझी चौकट जेवढी खोल, तेवढेच मला वर जाता येते, पुढे वळावेच लागते. सहावे पाते तुटले. आठवे तुटले. हेर्टाची बोटे फुटून माझ्या चिमट्यावर रक्त गोठले.

"हेर्टे, कमान करतेस की काय?" आतून आर्नो म्हणाला.

"मला दुसरं काय येतं?"

"बाबा म्हणाले असते, डावीकडे फुगलीये."

"तोंड बंद ठेव आणि ओढ."

अकरावे पाते चढवले तेव्हा काप उजवीकडून खाली उतरत आला होता. वीतभर उरला, मग चार बोटे. तेव्हाच हेर्टाच्या मानेवर बूट पडला.

ओस्वाल्ड परत आला होता. त्याने तिला केसांना धरून बाजूला फेकले आणि माझी बाहेरची दांडी पकडून मला खेचले. आत आर्नोने मूठ सोडली नाही. दाराच्या दोन्ही बाजूंनी दोघे मला ओढत होते. ओस्वाल्डचा हात दांडीवरून घसरला आणि पकड मिळावी म्हणून त्याने सरळ पात्यालाच मूठ घातली. दात कुठल्या बाजूला असतात, हे त्याला दहाव्या वर्षापासून माहीत होते. पण रागात माणसाचे शिकलेले सगळे जाते.

आर्नोने ओढले.

मी त्याच्या उजव्या हाताच्या तर्जनीतून गेले. कातडी, मांस, मग बोट वाकवणारी आतली पांढरी शीर. जे बोट माझा पेच सैल करायला शिकले होते, तेच. हाडाला लागून मी तुटले. ओस्वाल्ड ओरडला, तो आवाज तळ्यापलीकडे जाऊन परत आला. त्याने दस्ता उचलला आणि हेर्टाच्या तोंडावर हाणला. तिचे दोन दात बर्फावर पडले. मग त्याने मला फटीतून बाहेर खेचले आणि तो माझ्यावर नाचला. पहिल्या टाचेला माझी दांडी वाकली, दुसरीला दांड्याला चीर गेली. आतून आर्नोने लाथांवर लाथा घातल्या आणि न कापलेली चार बोटांएवढी फळी फाटून ती लाकडी कमान बाहेर कोसळली. तो त्या भोकातून सरपटत निघाला, खांद्याची कातडी दाराला सोडून.

तो उठला आणि ओस्वाल्डच्या अंगावर पडला. दोघे बर्फात लोळले. आर्नोचे अंगठे ओस्वाल्डच्या गळ्यात रुतले. ओस्वाल्डचा चेहरा जांभळा झाला.

"सोड त्याला!" हेर्टा रक्त थुंकत ओरडली. "मारत बसलास तर इथंच राहशील. पळ!"

आर्नोने तिच्याकडे पाहिले. गळा सोडला. लंगडत, पडत, उठत तो देवदारांच्या रानाकडे धावला. पलीकडच्या उतारावर बोहेमिया होता.

ओस्वाल्डने बंदूक उचलली. चाळीस पावले. अंतर काहीच नव्हते. त्याने नेम धरला. पण चापावरचे बोट वाकेना. त्याने पुन्हा वाकवून पाहिले. ते लाकडासारखे सरळच राहिले. त्याने डावा हात लावला. गोळी सुटली आणि एका झाडावरचे बर्फ धप्पकन खाली आले. आर्नो झाडीत शिरला होता.

दुपारी फौजी पोलीस आले. दारातली कमान पाहून त्यांच्या नायकाने विचारले, "हे कुणी कापलं?" ओस्वाल्ड फडक्यात हात गुंडाळून उभा होता. हेर्टाचे तोंड शालीत होते. त्याने तिच्याकडे पाहिले, पण तो काहीच बोलला नाही. का बोलला नाही, ते मला आजवर कळलेले नाही.

तेवढ्यात गर्दीतून ब्रूनो पुढे आला. मिन्नाच्या खांद्यावर भार टाकून तो तिथवर आला होता. "मी कापलं," तो म्हणाला. "गावात अशी करवत माझ्या एकट्याकडे आहे."

त्यांनी त्याला चौकात सगळ्यांसमोर चामडी पट्ट्यांनी मारले. आधी तो मोजत होता, मग मोजायचा थांबला. त्याला दारात आणून टाकले, तेव्हा पाठीला कातडी नव्हती. दोन फेब्रुवारीला, मेणबत्त्यांच्या सणाला, तो गेला. त्याच दिवशी मिन्नाने रीतीप्रमाणे पुतळे गुंडाळून ठेवले. आर्नोच्या मुठीतली मेणबत्ती तिने काढली नाही, तशीच फडक्यात बांधली.

मे महिन्यात लढाई संपली. जानेवारीत ज्यांनी मुकाट्याने रस्ता साफ केला, तीच माणसे आता काठ्या घेऊन ओस्वाल्डच्या घरी गेली. त्यांनी त्याचा जबडा मोडला, खिडक्या फोडल्या. कपाटातून लोटार आणि एगोनचे पुतळे काढले आणि अंगणातल्या आगीत टाकले. हेर्टाने मला उचलून आणून माळ्यावर ठेवले होते, तिथून मी ते पाहिले. ती दोन्ही लाकडे माझ्या ओळखीची होती, मित्रांनो.

जूनमध्ये आर्नो परत आला. एका जंगल राखणाऱ्याने त्याला सांभाळले होते. त्याने माझी दांडी ठोकून सरळ करायचा प्रयत्न केला, अर्धीच झाली. डिसेंबरात खिडकीत उजेड करायची मोकळीक मिळाली, तेव्हा आर्नोच्या मुठीतली मेणबत्ती मिन्नाने पेटवली. चार काड्या गेल्या, तेव्हा ती पेटली.

दुसऱ्या दिवशी हेर्टाने मला खाली काढले आणि फळीवर दोन खाणकामगार आखले.

"दोन कशाला?" आर्नोने विचारले.

"लोटार आणि एगोन."

त्याने मला तिच्या हातातून हिसकावले, टेबलावर आपटले आणि कुऱ्हाड उचलली. "बाबांना मारलं त्यानं!"

"मारलं. आणि माझं नाव नाही सांगितलं, म्हणून मी इथे बसलेय. दोन्ही खरं आहे. पण पोरांनी काय केलं होतं, आर्नो? तुझ्याबरोबर तळ्यावर घसरगुंडी खेळायची ती पोरं."

कुऱ्हाड खाली आली. माझ्यापासून दोन बोटांवर टेबलात रुतली. तो घाव अजून आहे, हात लावून बघा. आर्नोने ती उपटून काढली. मग तो बाहेर लाकडे फोडायला गेला.

वाकड्या चौकटीने सरळ काप जात नाही. लोटारची टोपी तिरकी झाली, एगोनचा खांदा उतरला. शेवटी हेर्टाने दोघांच्या मुठींत भोक पाडले आणि त्यात काही न घालता ते पुतळे ओस्वाल्डकडे नेले. पुढचे तिने परत आल्यावर सांगितले. दार त्याने डाव्या हाताने उघडले. पुतळे घेतले, उलटेसुलटे पाहिले.

"काप वाकडा आहे," तो म्हणाला.

"करवत वाकडी आहे," ती म्हणाली.

तो मोडलेल्या जबड्याने कसाबसा बोलला, "ब्रूनोकाका म्हणाले असते... डुक्कर कापलंय." आणि त्याने घाईघाईने दार लावून घेतले. दाराआडून जो आवाज आला, तो ऐकत हेर्टा तिथेच पायरीवर उभी राहिली. संध्याकाळी त्याच्या खिडकीत दोन पुतळे होते, रिकाम्या मुठींचे. आर्नो तिकडून गेला. तो थांबला नाही, पण टोपी मात्र त्याने काढली.

मित्रांनो, आता मी कापत नाही. माझ्या चिमट्यात कुणी पाते बसवत नाही. पण तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिला गंजू देऊ नका. तेलाचा बोळा फिरवा. तिचे दात कुठे आहेत ते विसरू नका. आणि काम संपले की ती तशीच ताणलेली टाकून जाऊ नका. कितीही घाई असो, कितीही राग आलेला असो, आधी पेच फिरवा आणि तिला सैल करा. ओस्वाल्ड ताणलेला बसला होता, तेव्हा आमच्या गावात हे कुणालाच सुचले नाही.